तीन जांभळे आणि एक पश्चिमेची खिडकी

पत्र

आम्ही ठाण्यात राहतो, दुसऱ्या मजल्यावर. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिच्या खोलीला यंदा दिवाळीआधी रंग काढायचा आहे. खोली १० बाय ११ फुटांची, पश्चिमेला एकच मोठी खिडकी, खिडकीबाहेर बदामाचं झाड. भिंतींना सध्या पिस्ता रंग आहे. मुलीला जांभळा हवा, मला गुलाबीकडे झुकणारा चालेल. शेडकार्ड उलटून पालटून तीन रंग उरले आणि घरात आम्ही त्यांना नावंच ठेवली: जांभूळ-दूध, फिकी गुलबक्षी आणि कांद्याची साल. त्यातली कांद्याची साल मला मळकट वाटली म्हणून मी बाजूला ठेवली. पहिल्या दोघांत महिनाभर अडकलोय. परवा संध्याकाळी पाचला पेंटरने तिन्ही रंगांचे पट्टे भिंतीवर मारून दाखवले, तर तिन्ही चक्क गुलाबी! आता मुलगी म्हणते, यातला एकही नको. नवरा म्हणतो, तिन्ही एकच आहेत, उगाच घोळ घालताय. पेंटर रोज फोन करतोय. सोबत फोटो जोडलेत. यातला कुठला लावू, तेवढं सांगा.
— रंगात अडकलेली आई

उत्तर

ताई, फोटो पाहिले आणि बाजूला ठेवून दिले. तुमचं एकच कार्ड एका फोटोत निळसर आहे, दुसऱ्यात स्ट्रॉबेरी आइस्क्रीमसारखं, तिसऱ्यात जवळजवळ राखाडी. यात तुमचा दोष नाही. फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून प्रकाशाचा पिवळेपणा किंवा निळेपणा स्वतःच काढून टाकत असतो. आपल्याला नेमका तोच पिवळेपणा बघायचा असतो. त्यामुळे भिंतीचा रंग फोटोवरून ठरवायला जो तयार होईल, त्याच्या सल्ल्याला फार किंमत देऊ नका. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेल्या फोटोंना आलेली मतंही पुसून टाका. कंपन्यांच्या ॲपमध्ये आपल्या भिंतीवर रंग चढवून बघता येतो, तेही या तीन रंगांच्या बाबतीत करमणुकीपुरतंच.

पण तुमच्या पत्रात फोटोपेक्षा कामाच्या चार गोष्टी आल्या आहेत: पश्चिमेची खिडकी, बाहेरचं झाड, पिस्ता भिंत आणि संध्याकाळचे पाच. तुमची मुलगी ज्या पट्ट्यांवर रुसली आहे ते तुमचे रंगच नाहीत. ते या चौघांनी मिळून केलेलं नाटक आहे.

शाळेतलं तानापिहिनिपाजा आठवा. तांबडा एका टोकाला, जांभळा दुसऱ्या टोकाला, मधोमध हिरवा. या रांगेत गुलबक्षी कुठे आहे? नाही. इंद्रधनुष्यात हा रंग सापडतच नाही. ‘ता’ आणि ‘जा’ या दोन टोकांकडचा प्रकाश एकाच वेळी डोळ्यात शिरला आणि मधला हिरवा गायब असला, तरच आपल्याला गुलबक्षी दिसते. तुम्ही निवडलेल्या तिन्ही रंगांतली रंगद्रव्यं तेच करतात, हिरवा भाग गिळतात आणि दोन्ही टोकं परत पाठवतात. म्हणून हे रंग इतके नाजूक. खोलीतल्या प्रकाशात निळा भाग कमी झाला की तांबडं टोक वरचढ होतं आणि भिंत गुलाबी होते. तांबडा कमी पडला की तीच भिंत निळसर, थोडी आजारी दिसते. क्रीम रंगाची भिंत दिवसभर कमी-अधिक क्रीमच राहते. तुमची भिंत दिवसातून तीनदा कपडे बदलणार आहे.

साडीच्या दुकानात आपण साडी उचलून दारात, उजेडात नेऊन बघतो ना, तेच इथे उलटं करायचंय. भिंत उचलून दारात नेता येत नाही, तेव्हा रंगाला त्या खोलीतल्या प्रत्येक उजेडात उभं करायचं.

तुमच्या खोलीत पश्चिमेची खिडकी म्हणजे सकाळी ऊन नाही, फक्त आकाशाचा उजेड, आणि तो निळसर असतो. दुपारी तीननंतर तिरपं ऊन थेट आत येतं आणि मावळतीपर्यंत पिवळं-केशरी होत जातं. पेंटरने पट्टे पाचला मारले. त्या वेळी निळा भाग बराच कमी झालेला असतो. म्हणजे त्या उजेडात गुलाबीच दिसणार हे ठरलेलं होतं. त्यात झाडाची भर. पानांवरून आणि पानांतून येणारा उजेड हिरवट असतो, आणि हिरवा तर हा रंग गिळूनच टाकतो, म्हणून खिडकीलगतचा भाग मंद, राखाडी दिसतो. (देशी बदाम हिवाळ्याच्या शेवटाकडे पानं लाल करून गाळतो, तेव्हा महिना-दोन महिने तुमच्या खोलीचा उजेड पुन्हा बदलेल. घाबरू नका, पालवी लवकर फुटते.)

आणि आता पिस्ता भिंत. पॅरिसला गोबलँ नावाचा गालिचे आणि भिंतीवरची विणलेली चित्रं तयार करणारा जुना सरकारी कारखाना आहे. तिथे रंगाई विभागाचे प्रमुख मिशेल-युजेन शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे तक्रार आली की काळा धागा नीट रंगत नाही, निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत तो फिका पडतो. शेव्रल यांनी धागा तपासला. रंगात काहीच खोट नव्हती. शेजारचे निळे-जांभळे धागे त्या काळ्याला बिघडवून दाखवत होते. पुढे १८३९ साली त्यांनी यावर मोठा ग्रंथ छापला. त्याचा गाभा असा की कुठलाही रंग शेजारच्या रंगाला आपल्यापासून दूर, आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो. हिरव्याची विरुद्ध दिशा कोणती? गुलबक्षी. तुमच्या पिस्ता भिंतीने तिन्ही पट्ट्यांना गुलाबीकडे ढकललं, आणि पाचच्या उन्हाने राहिलेलं काम पुरं केलं. पट्टे मारायला याहून वाईट जागा आणि वेळ मुद्दाम शोधूनही सापडली नसती.

नवऱ्यावर रागावण्याआधी एक सांगते. लाल-हिरव्यातला फरक कमी दिसणं हे पुरुषांत बायकांपेक्षा बरंच जास्त आढळतं, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषाकडे ते एकच असतं. ज्यांना तांबडा कमी जाणवतो त्यांना जांभळ्यातला तांबडा हरवून नुसता निळा दिसतो, आणि फिकट गुलाबी राखाडीच्या जवळ जातो. तुमच्या यजमानांना हे असेलच असं नाही, कंटाळाही असू शकतो. पण तिन्ही एकच आहेत हे त्यांना खरोखर तसं दिसत असेल, तर त्यांचं मत या बाबतीत बाजूला ठेवायला कुणाचीच हरकत नसावी, त्यांची तर मुळीच नाही.

आता करायचं काय ते.

पेंटरला आठवडाभर थांबवा. तसंही ठाण्यात दिवाळीआधी पश्चिमेच्या भिंतीची घाई बरी नाही. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, आणि तुमची खिडकीची भिंत चार महिने तो झेलून बसली आहे. तिच्या खालच्या अंगाला हात लावून बघा. गार लागली, रंग फुगलेला दिसला, पोपडे किंवा पांढरा खार दिसला, तर आधी ओल येते कुठून ते शोधा आणि ती भिंत पुरती वाळू द्या. क्रीम भिंतीवर खार लपतो. जांभळ्यावर तो पीठ सांडल्यासारखा उठून दिसतो, आणि मग सगळा दोष बिचाऱ्या रंगावर येतो.

त्या आठवड्यात तिन्ही रंगांचे नमुन्याचे छोटे डबे आणा. २०० मिलिलिटरचे बहुतेक मोठ्या दुकानांत टिंटिंग मशीनवर (पांढऱ्या बेसमध्ये रंगाचे थेंब मिसळून हवी ती शेड करणारं यंत्र) करून मिळतात, नाहीतर दुकानदाराला सगळ्यात लहान डब्यात करायला सांगा. भिंतीवर काही लावायचं नाही. जाड पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड घ्या, निदान दोन फूट बाय दोन फूट, त्यावर पांढऱ्या प्रायमरचा एक हात आणि मग रंगाचे दोन हात. पेंटरच्याच रोलरने, आणि तो भिंतीला जेवढं पाणी घालणार तेवढंच पाणी घालून. अगदी कडेपर्यंत रंगवा. ओला असताना निर्णय घेऊ नका. इमल्शन (भिंतीचा पाण्यात मिसळायचा रंग) ओलं असताना दुधाळ, फिकं दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं. पुठ्ठा एक रात्र तसाच ठेवा.

मग एका वेळी एकच पुठ्ठा. हे फार महत्त्वाचं आहे. तिघं शेजारी ठेवलेत की शेव्रल यांचा नियम पुन्हा सुरू, आणि कांद्याची साल त्या दोन चकचकीत बहिणींशेजारी मळकीच दिसणार. तुमच्या हातून ती बाद झाली त्याचं कारण मला तरी हेच दिसतं. पुठ्ठ्यामागे पांढरी चादर लावा म्हणजे पिस्ता नजरेआड होईल. सकाळी दहाला, दुपारी चारला आणि रात्री आठला दिवा लावून बघा. चारही भिंतींवर फिरवा. ज्या भिंतीत खिडकी आहे त्या भिंतीवर कुठलाही रंग सगळ्यात काळसर दिसतो, कारण उजेड तिच्या अंगावर नाही, तिच्यातून समोर जातो. खिडकीसमोरची भिंत सगळ्यात उजळ. एकाच डब्यातला रंग असूनही या दोन भिंती वेगळ्या वाटतील, त्याची तयारी मुलीलाही आधीच द्या.

पुठ्ठ्यावरूनही एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे चार भिंती एकमेकींना काय करतात. गुलाबी भिंतीवरून निघालेला उजेड समोरच्या गुलाबी भिंतीवर आपटतो, तिथे आणखी थोडा हिरवा गिळला जातो, तो परत येतो, पुन्हा तेच. प्रत्येक फेरीत रंग गडद आणि भडक होत जातो. म्हणून कार्डावर सोज्वळ वाटलेला गुलाबी खोलीत लग्नाचा मंडप होतो. हे आधी बघायचं असेल तर बुटांचा रिकामा खोका घ्या, आतून सगळीकडे रंगवा, एका बाजूला खिडकीएवढं भोक पाडा आणि झाकण लावून दुसऱ्या भोकातून आत बघा. मुलीला हे काम द्या, ती आनंदाने करेल आणि तुमच्याआधी तिला उत्तर मिळेल. खोक्याच्या कोपऱ्यात जो रंग दिसतो तो साधारण तुमच्या खोलीचा खरा रंग.

आणि शेडकार्डाची एक जुनी युक्ती. तुमचा फिकट रंग ज्या पट्टीवर आहे, तिच्या तळाचा सगळ्यात गडद रंग बघा. फिकटात न दिसणारा कल तिथे उघड होतो. जांभूळ-दुधाच्या पट्टीचा तळ जवळजवळ निळा निघाला तर नवल वाटून घेऊ नका. कांद्याच्या सालीखाली आमसुली किंवा वांगी सापडेल. तुमच्या मुलीला जांभळा म्हणजे नक्की काय हवंय, हे तिला गडद रंगावर बोट ठेवायला सांगितलंत तर एका मिनिटात कळेल. फिकट रंगांवर बोट ठेवायला लावलंत तर वर्ष जाईल.

दिव्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून मी गृहीत धरते की खोलीत पांढरीशुभ्र एलईडी ट्यूब आहे, कारण ती आपल्याकडे घराघरांत आहे. तिच्या खोक्यावर ६५०० केल्विन किंवा ‘कूल डेलाइट’ असं छापलेलं असेल. हा निळसर उजेड. पिवळा ‘वॉर्म व्हाइट’ साधारण २७०० ते ३०००, आणि मधला ४००० च्या आसपास. तेरा वर्षांची मुलगी शाळा, क्लास आटोपून खोलीत येते ती संध्याकाळी, आणि पुढचे सगळे तास दिव्यात काढते. म्हणजे तुमचा रंग सूर्यापेक्षा ट्यूबच्या हाताखाली जास्त राहणार आहे, आणि तुम्ही भांडताय दुकानातल्या उजेडावरून! स्वस्त एलईडीची आणखी एक खोड अशी की तिच्यात गडद तांबडा फार कमी असतो. खोक्यावर सीआरआय किंवा आरए असा आकडा असतो, दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा, बहुतेक ठिकाणी ८०. हा आकडा काढताना गडद तांबडा मोजलाच जात नाही, म्हणून ८० असूनही गुलाबी मेलेला दिसू शकतो. ९० किंवा वरचा आकडा असलेला, ४००० केल्विनचा दिवा शोधून आणा. थोडा महाग पडेल. पण रंगाच्या एका हाताच्या मजुरीपेक्षा नक्कीच स्वस्त, आणि भिंतीवर त्याचा परिणाम कुठल्याही दोन जवळच्या शेड्समधल्या फरकापेक्षा मोठा असेल. आधी दिवा बदला, मग पुठ्ठे बघा. उलट क्रमाने केलंत तर सगळं परत करावं लागेल.

आता कुठला ते. माझं मत कांद्याच्या सालीला.

तुम्ही ज्या दोघांत महिना घालवलात, त्यांच्यातला फरक खोलीत टिकणारच नाही. सकाळच्या आणि चारच्या उजेडात एकाच रंगाची जी दोन रूपं दिसतील, त्यांतलं अंतर तुमच्या दोन कार्डांतल्या अंतरापेक्षा जास्त असेल. जांभूळ-दूध तुमच्या खोलीला सगळ्यात गैरसोयीचं. त्याचा सगळा दिमाख निळ्या भागावर उभा आहे, आणि दुपारचं ऊन नेमका तोच काढून घेतं, मग उरतो एक कळकट गुलाबीसर राखाडी. रात्री जुन्या ट्यूबखाली तो दवाखान्याच्या वॉर्डसारखा थंड पडेल. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खोलीत मी त्याच्या बाजूने बोलले असते. फिकी गुलबक्षी सुंदर आहे, ओढणीला. चार भिंतींवर चढल्यावर ती स्वतःलाच दुप्पट करेल, आणि मावळतीच्या उन्हात त्या खोलीत बसून बीजगणित सोडवणं कुणालाही कठीण जाईल.

कांद्याच्या सालीत जो मळकटपणा तुम्हाला दिसला, तो थोडासा राखाडी आहे, आणि मला तोच हवा आहे. राखाडी मिसळलेला रंग प्रकाश बदलला तरी कमी उड्या मारतो. चार भिंतींनी रंग वाढवला की तो मळ जागच्या जागी जिरतो, आणि तुम्हाला मुळात हवा होता तेवढाच जांभळा उरतो. दुपारी ती धुरकट गुलाबी होईल, सकाळी जांभळटपणा वर येईल, रात्री चांगल्या दिव्याखाली या दोन्हींच्या मधे कुठेतरी थांबेल. तिन्ही रूपं बघवतील अशी आहेत. बाकीच्या दोघांबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

अट एकच, दिवा बदलायचा. ६५०० च्या स्वस्त ट्यूबखाली कांद्याची साल खरंच सिमेंटसारखी दिसू शकते. दिवा बदलायचा नसेल तर माझा सल्ला इथेच मागे घेते आणि गुलबक्षीच्या पट्टीवरची सगळ्यात फिकी शेड सुचवते.

मुलगी खोक्यात बघून ‘हा पुरेसा जांभळा नाही’ म्हणाली तर? तर त्याच पट्टीवर एक पायरी खाली उतरा, गडद घ्या. शेजारच्या चकचकीत पट्टीवर उडी मारू नका. गडद होणं आणि भडक होणं यांत फरक आहे, आणि तेरा वर्षांच्या मुलीला तो नीट कळतो, आपणच तिला लहान समजतो. ती दोन वर्षांत कंटाळेल ही भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ओळींच्या मधे ती मला वाचता आली. कंटाळली तर कंटाळली. खोलीच्या भिंती चारशे चौरस फुटांच्या आसपास, दार, खिडकी, कपाट वगळता साडेतीनशे. चांगलं इमल्शन गुळगुळीत भिंतीवर दोन हातांत लिटरला सव्वाशे-दीडशे चौरस फूट जातं, म्हणजे तीन लिटर पुरे. चार लिटरच्या एका डब्याचा प्रश्न आहे हा, घराच्या नोंदणीचा नव्हे. शेवटचा शब्द तिचा असू द्या, फक्त तो तिने पुठ्ठे बघून, रात्री आठलासुद्धा बघून द्यावा.

एक गोष्ट मात्र कुणी सुचवली तरी करू नका. एका भिंतीला गुलबक्षी आणि तीन भिंतींना साल, म्हणजे दोघींचं समाधान, असं पेंटर हमखास म्हणेल. इतके जवळचे दोन रंग कोपऱ्यात भेटले की डबा चुकल्यासारखं दिसतं. तिला गुलबक्षी हवीच असेल तर ती पडद्यात, चादरीत, उशीच्या अभ्र्यात येऊ द्या. धुरकट भिंतीवर ती मोठी खुलते.

राहिलेलं थोडक्यात. पिस्त्यावर थेट रंग नको. भिंत घासून, लांबी (पुट्टी) भरून, पांढऱ्या प्रायमरचा पूर्ण हात मारून घ्या, नाहीतर फिकट जांभळ्याखालून पिस्ता डोकावतो आणि सगळं राखाडी करतो. फिनिश मॅट किंवा अगदी हलक्या चमकीचं, धुता येईल असं घ्या. जास्त चमकीवर पश्चिमेचं तिरपं ऊन पडलं की लांबीची प्रत्येक वळकटी मोजता येते. छत पांढरंच ठेवा, पण निळसर पांढरं नको. सगळा रंग एकाच वेळी, एकाच डब्यात करून घ्या. दोन फेऱ्यांत आणलेले डबे असतील तर भिंतीला लावण्याआधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या, कारण मशीनच्या दोन वेळच्या थेंबांत बारीकसा फरक पडू शकतो आणि जांभळ्यात तो दिसतो.

आणि दुकानदार म्हणेल, ‘त्या कंपनीचा हाच शेड आपण या कंपनीच्या बेसमध्ये काढून देतो, कार्डाशी जुळवून.’ नको म्हणा. दोन कंपन्यांची रंगद्रव्यं वेगळी असतात. असा जुळवलेला रंग दुकानातल्या ट्यूबखाली तंतोतंत जुळतो आणि तुमच्या पाचच्या उन्हात वेगळा निघतो. इतर रंगांत हे खपून जातं. तुमच्या तिघांत खपणार नाही.

रंग झाल्यावर उरलेला अर्धा-पाऊण लिटर घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात भरा, वर शेडचा नंबर, बेसचं नाव आणि तारीख लिहा, आणि डबा बाल्कनीत उन्हात न ठेवता कपाटात ठेवा. पलंग सरकवताना पहिला ओरखडा दिवाळीच्या आधीच पडतो.